मक्याचा स्टार्च

अंबडच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी
मला मिळाला शहाण्णव खळग्यांचा एक ट्रे,
आणि पेखळेमामांकडून एक ताकीद :
उंदराला शेपटीशी धरायचं, मॅडम, पण ओढायचं नाही.
त्याला कळतं कोण घाईत आहे ते.

एकवीस वर्षांत मी तेवढंच नीट शिकले.
बाकीचं छापून आलं.

नणंदेच्या केळवणात जावेनं विचारलं,
तू नक्की करतेस तरी काय?
म्हटलं, शरीरात जागले असतात.
रात्रभर काठी आपटत हिंडतात, चोर धरतात.
कधी त्यांना घरमालकच चोर वाटायला लागतो.
मग ते मेंदूची वेस ओलांडून आत शिरतात,
तारांवरचं आवरण सोलून काढतात,
आणि इकडे माणसाच्या हातून कपबशी सुटते.
मी त्यांना म्हणते, बाबांनो, कंदील वर धरा,
तोंड तरी बघा, हे आपलेच आहेत.
म्हणजे कीर्तन करतेस?
नाही. गोळी. दिवसातून दोनदा, जेवणानंतर.

त्या रेणूला नाव नव्हतं, वहीत तो चारशे सतरा.
आधीच्यांपैकी कुणी यकृत जाळलं,
कुणी वेशीवरूनच परतले,
एक तर असा गुणी की सगळं करायचा,
फक्त पाण्यात विरघळायचा नाही.
सतरा नंबर आत गेला.
पेखळेमामांनी आधी पाहिलं :
तिसऱ्या पिंजऱ्यातला पाचवा जाळीवर चढलाय.
मागचे पाय ओढत चालणारा तो.
मी एका पायात चप्पल घालून धावले.
मखमलाबादकडच्या बागांचा गंधक अंगावर घेऊन
एक टेम्पो दारात उभा होता, फिल्टर पेपर उतरवत,
आणि मी त्या ड्रायव्हरलाच सांगितलं. चढला!
तो म्हणाला, सही कुठं करताय?

मग माणसं.
कोण खरी गोळी घेतंय, कोण खोटी,
हे एका पाकिटात बंद, मलाही ठाऊक नाही.
मला फक्त आकडे यायचे.
सहभागी एकशे चौदा : पंचवीस फूट चालायला
एकोणतीस सेकंद. मग बावीस. मग अकरा.
अकरा!
नाव कळता कामा नये, पण हे नाशिक आहे.
दवाखान्याच्या व्हरांड्यात एकजण स्वतःहून बोलला :
देवळालीला तोफखान्यात होतो.
आधी कान गेले, मग पाय.
पाय आलेत. आता कानांचं बघा.

पाकीट शुक्रवारी फोडलं.
रहाळकरांनी आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा हळू,
जणू हळू वाचल्यानं तो लहान होणार होता.
खऱ्या गोळीत आणि खोट्या गोळीत
फरक म्हणावा असा फरक नव्हता.
यादीवर बोट फिरवत मी खाली आले, एकशे चौदापर्यंत.
मक्याचा स्टार्च, लॅक्टोज,
रंग जुळावा म्हणून चिमूटभर पिवळं.

सोमवारी प्रकल्प बंद. उरलेले चाळीस उंदीर
नियमाप्रमाणे.
मामांनी वहीत चाळीस सह्या केल्या,
एकच चालली असती तरी.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तोफखानेवाला म्हणे
थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला,
म्हणजे, चाललो तो मीच?

दोन महिन्यांनी त्याचा आकडा आला. आता तो कुणाला नको होता,
तरी कुणीतरी पाठवला. चोवीस सेकंद.

मी नवी वही उघडली.
चारशे अठरा लिहिणार होते.
लिहिलं : मधले तेरा सेकंद कुणाचे?
त्याचे, की त्याच्या जागल्यांचे,
की व्हरांड्यात त्याला बसायला खुर्ची देणाऱ्या
त्या सिस्टरचे, जिचं नाव एकाही तक्त्यात नाही?

एवढ्यात लाईट गेली.
उणे ऐंशीचा फ्रीज बोंबलायला लागला.
वही तशीच उघडी टाकून मी जनरेटरकडे गेले.